डाव जावा, मूल जाऊ नये

(सेक्टर ६, भिलाई येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते, सेक्टर सहाच्या माझ्या शेजाऱ्यांनो, आणि मागच्या रांगेत बसून केव्हा एकदा सुटका होते याची वाट पाहणाऱ्या बाळगोपाळांनो,

ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांचे नाव मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत आहे. मी ते पुन्हा घेत नाही. आम्ही त्यांना नुसते 'बाई' म्हणत होतो आणि त्या ओ देत होत्या. त्यांची बालवाडी क्वार्टरच्या मागच्या आवारात, पेरूच्या झाडाखाली भरायची. खेळणी म्हणाल तर पत्र्याचा एक तेलाचा डबा आणि जुन्या पँटच्या पायांच्या शिवलेल्या डझनभर लहान पिशव्या. पिशव्यांत चिंचोके. त्यातली एक पिशवी आज मी सोबत आणली आहे. शिवण दोनदा उसवली आणि दोनदा घातली, पण आतले चिंचोके बहुधा तेच असावेत. ती इथे टेबलावर ठेवतो. शेवटी तिचे काम पडेल.

पत्रिकेत विषय जरा भारदस्त छापला गेला आहे : 'बालवयातील हालचालींचा समन्वय आणि अचूकता'. घरगुती मराठीत सांगायचे तर पोराचे हात-पाय एकमेकांचे ऐकायला कसे लागतात, नेम कसा बसतो, आणि तो बसावा म्हणून मोठ्यांनी काय करावे. काय करू नये हेही सांगणार आहे. ती यादी जास्त लांब आहे.

आधी एक कबुली. मी बाद होणारा मुलगा होतो. शाळेत, नाव घेत नाही, खेळाच्या तासाला आम्हाला गोलात उभे करत आणि मधल्या गड्यांनी आम्हाला चेंडू मारायचा. लागला की बाद. सरांची शिट्टी वाजली की पहिल्या दोन-तीन चेंडूंतच मी कडुनिंबाखाली जाऊन उभा. तिथे माझ्यासारखे आणखी चौघे असत. आमचे काम काय, तर खेळणाऱ्यांच्या चपला सांभाळायच्या. चाळीस मिनिटांच्या तासात माझ्या हाताला चेंडू लागे तो एखाद वेळा, तोही गडगडत बाहेर आला म्हणून. ज्यांना उत्तम खेळता येत होते ते शेवटपर्यंत खेळत आणि आणखी उत्तम होत. सगळ्यांत जास्त सरावाची गरज ज्याला, त्याच्याच वाट्याला सगळ्यांत कमी सराव. पुढे मी स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षक झालो, हातात शिट्टी आली, आणि पहिल्याच आठवड्यात मीही पोरांना तसेच गोलात उभे केले. कडुनिंबाखाली मुले जाऊन उभी राहिली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आता नेमाकडे वळू. नेमाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत गल्लत केली की शिकवणे चुकते. पहिला प्रकार पाहा. भरलेला पेला घेऊन मूल स्वयंपाकघरातून पडवीत येते. पाणी डाव्या काठाकडे आले की ते हात किंचित तिरका करते, पुन्हा उजवीकडे आले की पुन्हा. चूक आणि दुरुस्ती सोबत चालतात. दुसरा प्रकार दगडाचा. हातातून सुटला की सुटला, त्याला परत बोलावता येत नाही. दुरुस्ती करायची ती पुढच्या दगडात. १८९९ साली रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पेन्सिलीच्या रेघांवर प्रयोग करून हाच भेद मांडला : हालचालीचा एक भाग आधी ठरवून सोडलेला झपाटा असतो आणि दुसरा भाग लक्ष्याजवळ आल्यावर डोळ्यांनी केलेली सावरासावर. वेग वाढवला की सावरायला वेळ उरत नाही आणि अचूकता घटते. म्हणून लहान मुलाला 'लवकर लवकर आणि नीट' असे एका दमात सांगणे म्हणजे त्याला दोन दिशांना ओढणे होय.

माझे वडील इथल्या पोलाद कारखान्याच्या रेल अँड स्ट्रक्चरल मिलमध्ये होते. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, त्यानंतरच्या भरतीत ते आले. विदर्भातून इकडे येणे म्हणजे परमुलखात जाणे, असे त्यांना वाटले नाही. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूरच होती. रविवारी ते घरातल्या किरकोळ दुरुस्त्या करत आणि खिळा ठोकायला मला देत. मी बोट सांभाळत हातोडीकडे बघायचो आणि हटकून बोटावरच मारायचो. ते म्हणत, "हातोडी कशाला बघतोस? ती तुझ्या हातातच आहे. खिळा बघ." पुष्कळ वर्षांनी मला कळले, की या एका वाक्यामागे मोठे शास्त्र आहे : लक्ष हातावर नव्हे, लक्ष्यावर ठेवायचे. आपल्याला ते ठाऊकही होते. द्रोणाचार्यांनी झाडाखाली शिष्यांना विचारले ते काय दिसते एवढेच. कोपर किती वाकले आहे, हे त्यांनी एकालाही विचारले नाही.

हातोडीवरून आठवले. भिलाई रशियन मदतीने उभी राहिली, म्हणून एका रशियन माणसाची गोष्ट सांगतो. त्याचा भिलाईशी संबंध नाही, हातोडीशी मात्र आहे. निकोलाय बर्नश्टाइन हा शरीरशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात मॉस्कोच्या श्रम संस्थेत काम करत होता. कुशल कामगार छिन्नीवर हातोडी मारतो तेव्हा नेमके काय होते, हे त्याला पाहायचे होते. त्याने कामगाराच्या खांद्याला, कोपराला, मनगटाला आणि हातोडीला बारीक दिवे लावले आणि कॅमेऱ्याच्या भिंगापुढे झडप फिरती ठेवून दिव्यांच्या वाटा टिपल्या. अपेक्षा अशी, की कसलेल्या हाताचा प्रत्येक घाव शिक्क्यासारखा सारखा असेल. निघाले भलतेच. हातोडीचे टोक दर वेळी जवळपास तिथेच पडत होते, पण खांदा, कोपर आणि मनगट यांच्या वाटा घावागणिक बदलत होत्या. खांदा थोडा पुढे गेला तर कोपर ते भरून काढी, कोपर चुकले तर मनगट. कुशलता म्हणजे एकच हालचाल घोटून ठेवणे नव्हे, तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवणे, हे त्याने यातून काढले. सरावाला त्याने नाव दिले : पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती.

हे कळल्यावर आमच्या शाळांतला 'एक-दोन-तीन-चार' आठवून पाहा. सगळ्यांचे हात एकाच कोनात, एकाच वेळी. त्याला शिस्त म्हणा, माझी हरकत नाही. पण त्यातून नेम येत नाही, कारण त्यात सोडवायला प्रश्नच नाही. वहीत चाळीस वेळा 'ग' गिरवायला लावण्याचे तेच. बोटांच्या मागे मनगट आहे, मनगटामागे कोपर, त्यामागे खांदा आणि पाठीचा कणा. बाळ आधी मान धरते, मग बसते, मग उभे राहते. ताबा डोक्याकडून पायांकडे आणि धडाकडून बोटांकडे जातो. ज्याचा खांदा अजून झाडाला लोंबकळला नाही, त्याच्या बोटांत पेन्सिल कोंबून आपण अक्षर वळणदार मागतो. अक्षराचा रस्ता मैदानातून जातो.

आता बाईंचा डबा. बाई डबा ठेवत, जमिनीवर विटेच्या तुकड्याने रेघ ओढत आणि म्हणत, "टाका." दुसऱ्या दिवशी रेघ वेगळ्या जागी. कधी डबा पेरूच्या बुंध्यापाशी, कधी पायरीवर. कधी पिशवी अर्धी रिकामी करून हलकी केलेली. आम्हाला वाटे, कालची रेघ पुसली गेली म्हणून. तसे नव्हते. १९७८ साली केर आणि बूथ या संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाने तीन फुटांवरच्या लक्ष्यावर पिशव्या टाकण्याचा सराव केला. दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवर केला, तीन फुटांवर केलाच नाही. काही आठवड्यांनी परीक्षा तीन फुटांवर झाली. नेम चांगला निघाला तो दुसऱ्या गटाचा. ज्यांनी ते अंतर कधी टाकलेच नव्हते, त्यांनी ते जास्त अचूक गाठले, कारण अंतर आणि जोर यांचे नाते त्यांच्या हाताला उमगले होते. पहिल्या गटाला एक उत्तर पाठ होते, दुसऱ्याला गणित येत होते. बाईंनी केर-बूथ वाचले नव्हते. त्यांना रोज नवी रेघ ओढायला आवडे, एवढेच.

या सेक्टरमधले आमचे बालपण हे अशा बदलत्या रेघांचे होते. एकाच स्ट्रीटवर मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळी, छत्तीसगढी घरे. फरशांच्या तुकड्यांचा मनोरा रचून चेंडूने फोडायचा, त्याला आम्ही घरात लगोरी म्हणू, बाहेर पडले की पिट्ठुल, आणि पलीकडच्या तेलुगू घरातली पोरे येडु पेंकुलाटा म्हणत. गोट्यांना बांटी. भोवऱ्याला भौंरा. नावावरून भांडण झाल्याचे आठवत नाही. रेघेच्या आत की बाहेर, यावरून मात्र रोज.

त्यातला एक खेळ जवळून बघू : ठिकरी, इथले बिल्लस. जमिनीवर घरे आखायची, खापराचा तुकडा पहिल्या घरात टाकायचा, लंगडी घालत जायचे, तुकडा पायाने सरकवत किंवा उचलून परत आणायचा. आता त्याची घडण पाहा. आधी फेक आहे, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा नेम : सुटला की सुटला. मग लंगडी आहे, तिथे प्रत्येक उडीला तोल सावरायचा, म्हणजे पहिल्या प्रकारचा. मग एका पायावर उभे राहून वाकायचे, आणि ज्याने हे केले आहे त्याला ठाऊक आहे की तिथे पोटाचे, पाठीचे, घोट्याचे सगळे स्नायू एकत्र बैठक घेतात. पहिले घर जमले की दुसरे, मग तिसरे, म्हणजे अंतर आपोआप वाढते. आणि सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट पुढे आहे. चुकले तर काय होते? डाव जातो. मूल जात नाही. ते बाजूला उभे राहून दुसऱ्याचे बघते आणि पाळी आली की जिथे अडले होते त्याच घरापासून पुन्हा सुरू करते. ज्याला पाचवे घर जमत नाही, त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त वेळा पाचवे घर येते. माझ्या शाळेतल्या गोलाच्या अगदी उलट. हा खेळ कुणी समिती नेमून बनवला नाही, मुलींनी तो अंगणात खेळत खेळत घासून गुळगुळीत केला. कबड्डीतसुद्धा मेलेला गडी जिवंत होतो. आमच्या पूर्वजांना बाद करणे माहीत होते, पण परत बोलावणेही माहीत होते.

दुसरा खेळ इथल्या मातीचा. हरेलीच्या सणाला छत्तीसगढातल्या गावोगावी बांबूची गेडी बनते. इथल्या पंचांगात ती श्रावणी अमावास्या, आपल्या पंचांगात आषाढी. दोन बांबू, त्यांना पाय ठेवायच्या खुंट्या दोरीने आवळलेल्या, आणि पोर पावसाळ्याच्या चिखलावरून उंच चालते. दोरी घट्ट बसली की पावलागणिक रचरच आवाज येतो. मुलांना वाटते ती गंमत. मला विचाराल तर तो आवाज शिक्षक आहे. ताल चुकला की कानाला आधी कळते, पडण्याच्या आधी. डोळे पुढे, कान दोरीवर, पाय आणि हात एकाच बाजूचे एकत्र उचलायचे. गेडीवर स्थिर उभे राहणे चालण्यापेक्षा अवघड आहे, म्हणून मूल थांबत नाही, चालतच राहते. तोल म्हणजे न हलणे असे मोठ्यांना वाटते. गेडीवर चढल्या चढल्या कळते की तोल म्हणजे सतत थोडे थोडे हलत राहणे.

तिसरी गोष्ट खेळ म्हणायलाही फार साधी आहे. खडूने लांबट गोल रेघ काढायची आणि तिच्यावरून टाच-बोट, टाच-बोट चालायचे. जमले की हातात पाण्याचा पेला. तेही जमले की चमच्यात लिंबू. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले, त्यांच्या पद्धतीत ही रेघ प्रसिद्ध झाली. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांना सोबत घेऊन हेच शिक्षण झोपडीच्या अंगणात नेले. परदेशी साधने महाग होती, तर बिया, खडे, शिंपले, पाने घेतली. अंगणवाडी आणि कुरणशाळा त्यातून उभ्या राहिल्या. बाईंच्या चिंचोक्यांचे गोत्र तिथे लागते. साधन स्वस्त असले की ते हरवण्याची भीती नसते, आणि भीती नसली की मूल हात सैल सोडते. नेमाला सैल हात लागतो.

झेलण्याबद्दल एवढेच : चार-पाच वर्षांचे मूल चेंडू हातांनी झेलत नाही, छातीशी कवटाळते, आणि टणक चेंडू येताना दिसला की मान फिरवते. त्याला 'डोळे उघडे ठेव' म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. चेंडू बदला. फुगा द्या, तो हळू येतो आणि विचार करायला वेळ देतो. मग गाठ मारलेला गमछा, मग चिंध्यांचा चेंडू, मग ही पिशवी, कारण ही तळहातात पडली की तिथेच बसते, उसळून पळत नाही. फेकताना पुष्कळ लहान मुले ज्या हाताने टाकतात तोच पाय पुढे घेतात आणि अंग आखडते. व्याख्यान देऊ नका. विरुद्ध पायाच्या जागी जमिनीवर एका पावलाचा ठसा काढा आणि म्हणा, इथे पाय देऊन टाक. ठसा बोलतो, तुम्ही गप्प राहा. मुलाची हालचाल दुरुस्त करायची नसते, खेळ दुरुस्त करायचा असतो. अंतर कमी करा, डबा मोठा करा, पिशवी जड करा, रेघ हलवा. मूल आपला मार्ग आपण काढते, त्या मॉस्कोतल्या कामगाराच्या कोपरासारखा.

आता कडुनिंबाखालच्या मुलांबद्दल. वर्गातल्या काही मुलांना खरोखरच जास्त अवघड जाते. शर्टाची बटणे, बुटांची नाडी, जिन्याच्या पायऱ्या, सगळीकडे अडखळ. बुद्धी चांगली, नजर चांगली, तरी हात ऐकत नाही. वैद्यकात याला समन्वयाच्या विकासातला दोष म्हणून स्वतंत्र नाव आहे आणि पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते ६ मानतात. म्हणजे चाळीसच्या वर्गात दोघे. आपण त्यांना वेंधळा, धांदरट, 'हातातून सगळं सांडणारी' म्हणतो आणि विषय संपवतो. रोजच्या जगण्यात सतत अडचण दिसली तर डॉक्टरांना दाखवा, त्यात कमीपणा नाही. आणि अशा मुलाला खेळातून काढू नका. त्याच्यासाठी रेघ जवळ ओढा. खेळ तोच, रेघ वेगळी, आणि वेगळ्या रेघेवरून कुणी हसायचे नाही, हा नियम.

२०२२ च्या ऑक्टोबरात आपल्या राज्यात छत्तीसगढिया ऑलिंपिक सुरू झाले. गिल्ली-डंडा, पिट्ठुल, बांटी, बिल्लस, फुगडी, गेडी, भौंरा असे चौदा प्रकार, आणि अठराच्या आतल्यांपासून चाळिशी उलटलेल्यांपर्यंत तीन वयोगट. साठीच्या आजी फुगडी घालताना पाहून मला भरून आले. गल्लीतले खेळ मैदानात आले, त्यांना मान मिळाला, हे फार चांगले झाले. एक सावधगिरी तेवढी नोंदवतो. स्पर्धा जिंकणारा निवडते, ते तिचे कामच आहे. सहा वर्षांच्या मुलाला मात्र निवडायचे नसते, त्याला पाळी द्यायची असते. नवे शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षे वयाचा एक स्वतंत्र पायाभूत टप्पा मानते आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर देते. कागदावर हे उत्तम आहे. कागदातून ते अंगणात आणायला लागते रोजची वीस मिनिटे आणि एक विटेचा तुकडा.

म्हणून मंडळाकडे माझी मागणी लहान आहे. देणगी नको, साहित्य नको. आठवड्यातून तीन संध्याकाळी, वीस वीस मिनिटे, पाच ते आठ वर्षांची मुले आणि प्रत्येक सहा मुलांमागे एक डबा. सहांपेक्षा जास्त झाली की रांग लागते, आणि रांगेत उभे राहून कुणाचा नेम सुधारत नाही. मोजायचे असेल तर कोण पहिला आला हे मोजू नका. प्रत्येक मुलाने किती वेळा टाकले ते मोजा. ज्या दिवशी सगळ्यांत धांदरट पोराची फेक सगळ्यांत जास्त झाली, त्या दिवशी खेळ नीट घेतला असे समजा.

बाई गेल्या त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना भेटायला गेलो होतो. हात थरथरत होते. चहाचा कप त्या दोन्ही हातांनी धरत, आणि बशीत सांडला की हसून म्हणत, "आता रेघ जवळ ओढायला पाहिजे रे." मी कप अर्धाच भरून दिला. तो त्यांनी न सांडता संपवला.

मी बोलणे थांबवतो. बाहेर अंगणात खडूने तीन रेघा ओढल्या आहेत आणि डबा ठेवला आहे. ही पिशवी अध्यक्षांच्या हाती देतो. पहिली पाळी त्यांची, मग मागच्या रांगेची, मग आपल्या सगळ्यांची. कोणती रेघ घ्यायची ते ज्याचे त्याने ठरवावे. हुकले तर पिशवी उचलून रांगेच्या शेवटी या. चपला सांभाळायला कुणी थांबायचे नाही.